मथुराकाकीचं बिनभांडणाचं वर्ष

आमच्या भागात अशी बोलवा आहे की मथुराकाकी रत्नागिरीच्या जेलात सहा महिने काढून आली. तिथं पहिल्याच दिवशी तिने जेलरला सांगितलं की तुझी भाकरी कडेला कच्ची राहते, आणि आठवड्याभरात अख्खा जेल तिच्या हातचे घावणे खायला लागला. सुटताना म्हणे जेलर फाटकापर्यंत पोचवायला आला आणि "पुन्हा या" म्हणाला. ही गोष्ट मी पूर्णगडच्या मासळीवालीकडून ऐकली, पावसच्या रिक्षावाल्याकडून ऐकली, आणि एकदा एसटीत एका बाईने ती मलाच सांगितली. मथुराकाकी तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. काकीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "घावण्यांबरोबर काय व्हतं गो?"

बाई म्हणाली, "चटणी असेल."

"नारळाची?"

"जेलात नारळ कुठला? लसणीची."

"तरीच," काकी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

खरं म्हणजे काकीने जेल पाहिलाय तो बाहेरून, भिंतीपुरता. पण तिच्यावर केस झाली, कोर्टात ती दोषी ठरली, हे खरं. कोर्टाने तिला जेलात न पाठवता घरी पाठवलं आणि सांगितलं की एक वर्ष कुणाशी भांडायचं नाही. ही शिक्षा आमच्या वाडीत कुणाला शिक्षाच वाटेना, म्हणून लोकांनी आपल्या पदरचा जेल घातला. ज्यांनी काकीला भांडताना ऐकलेलं नाही त्यांची ही चूक मी माफ करते.

मथुराकाकी पासष्टची आहे, उंचीने माझ्या खांद्याला लागते. आवाज मात्र वाडीच्या खालच्या टोकाला निघाला की वरच्या टोकाच्या कोंबड्या आत जातात. ती भांडण सुरू करते ते अगदी हळू, जवळजवळ चौकशी केल्यासारखं. "जेवलास काय रे?" मग एक पायरी वर. "पोट भरलं काय?" मग आणखी एक. "मग दुसऱ्याचं कशाला खातोस मेल्या?" तिसऱ्या पायरीला समोरचा माणूस घरात जातो. हे मला हुबेहूब करता येतं. आमचं घर काकीच्या शेजारीच, आणि काकी मला मनस्वी म्हणत नाही, टेप म्हणते.

तिचा नवरा गडगे रचायचा. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची कुंपणाची भिंत, चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. नवरा गेल्यावर काकी स्वतः रचायला लागली, कारण वाडीतले बाप्ये मुंबईला आणि ढोरं मात्र गावातच. तिचा गडगा बैलाने अंग घासलं तरी हलत नाही. घरात ती आणि तिची नणंद जनीआत्या, दोघीच. जनीआत्या सत्तरीची आहे, लहानपणीच्या तापापासून बोलत नाही, कुणाला फारसं ओळखत नाही. खाते फक्त काकीच्या हातचं. काकी तिला भरवते तेव्हा सगळ्या जगाला देते तशाच शिव्या देते, पण घास छोटे करते.

भांडण झालं ते संदेशशी. संदेश काकीचा शेजारी, चाळिशीचा, वीस वर्षं मुंबईत नोकरी करून आता आईवडलांच्या घरात राहायला आलाय, काजूचा छोटा कारखाना टाकीन म्हणतो. दोघांच्या मधला जुना गडगा मागच्या आधीच्या पावसात ढासळला. संदेशने तो परत घालायला घेतला तो मोबाईल हातात धरून. मोबाईलवर नकाशा, नकाशावर निळा ठिपका. ठिपका जाईल तसा संदेश जाईल, संदेश जाईल तसे गडी दगड ठेवतील.

"लोकेशन ऑन आहे काकी, सॅटेलाईट चुकत नाय."

ठिपका गेला काकीच्या फणसाच्या अलीकडून, तिच्या बाजूने. म्हणजे फणस संदेशच्या वाटणीला.

काकी त्या दिवशी पावसच्या बाजारात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिने तो गडगा उतरवायला घेतला. पाडला नाही, उतरवला. गडगे रचणाऱ्या माणसाला दगड फेकवत नाही. तिने एकेक दगड काढून आकाराप्रमाणे रांगेत लावले, मोठे इकडे, बारक्या चिपा तिकडे. संदेश दात घासताघासता आला आणि तिच्या हातातला दगड ओढायला लागला. दोघं ओढतायत, दोघं बोलतायत, आणि दगड मधल्यामधे सुटला तो संदेशच्या पायावर. दोन बोटं मोडली. पंचनाम्याला आलेला हवालदार त्या नीट लावलेल्या रांगांकडे बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "यात नासधूस कुठली लिहू?" पण बोटं मोडलेली होती, आणि काकीने स्वतःहून सांगितलं होतं, लिहा काय लिहायचं ते.

कोर्टात काकीबरोबर मी गेले, कारण तिला बारीक अक्षर वाचता येत नाही आणि मला कोर्ट ऐकायचं होतं. जज्जसाहेब इतके हळू बोलायचे की सगळं कोर्ट पुढे झुकून बसलेलं. "गुन्हा कबूल आहे का?" एवढंच, जसं काही चहात साखर किती विचारतायत.

"गडगा काढला ता कबूल," काकी म्हणाली. "गुन्हा कनचा ता तू सांग."

"त्यांच्या पायाला लागलं."

"लागलं ता वाईट झालं. त्याला मी सांगत व्हत्ये, सोड सोड. त्याने सोडलान ता भलत्याच वेळी."

"पुन्हा असं कराल का?"

"परत तिथंच बांधलान तर परत काढीन."

काकीच्या वकिलाने पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि बूच काढायचं विसरला.

जज्जसाहेब चिडले नाहीत. त्यांनी दोषी ठरवलं, पण शिक्षा सांगण्याआधी परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला. हे अधिकारी म्हणजे, एखाद्याला जेलात न घालता घरीच ठेवायचं तर ते जमेल का हे आधी बघून सांगणारे आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवणारे. आमच्याकडे आल्या अलफिया होडेकर मॅडम. वय सत्तावीस-अठ्ठावीस, भाट्याच्या बाजूच्या, वडील दुबईत. सरकारी प्रश्न त्या पुस्तकातल्यासारखे विचारायच्या. "आपला कौटुंबिक इतिहास सांगाल का?" मग पायाला मुंगी चावली की एकदम घरचं निघायचं, "अल्ला, केवढी मुंगी ही."

त्या आल्या तेव्हा काकी जनीआत्याला पेज भरवत होती. मॅडम ओटीवर बसून राहिल्या. अर्धा तास. काकीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटचा घास गेल्यावर मॅडमनी विचारलं, "तुम्ही नसाल तेव्हा यांना कोण भरवतं?"

काकी पेजेचं भांडं विसळायला लागली. काकी प्रश्नाला उत्तर देत नाही हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं, म्हणून मीच बोलले. कोर्टाच्या तारखेला काकी दिवसभर बाहेर होती तेव्हा माझ्या आईने प्रयत्न केला, मग मी केला, काकीच्या आवाजात, तिच्या सगळ्या शिव्यांसकट. जनीआत्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, आणि संध्याकाळी काकी येईपर्यंत ओठ उघडले नाहीत.

मॅडमनी ते लिहून घेतलं.

पुढच्या तारखेला जज्जसाहेबांनी निकाल सांगितला. पहिलाच गुन्हा, वय, घरची परिस्थिती, म्हणून शिक्षा न सुनावता एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. अटी अशा, की कुणाशी भांडणतंटा करायचा नाही, फिर्यादीला त्रास द्यायचा नाही, दर महिन्याला मॅडमच्या ऑफिसात हजर व्हायचं, आणि ग्रामपंचायत सांगेल ते साठ तासांचं काम गावासाठी फुकट करायचं. अट मोडली तर कोर्ट परत बोलावून शिक्षा देणार, म्हणजे तीन महिने आत.

परतीच्या एसटीत मी ते सगळं वाचून दाखवलं. काकीने एकच ओळ परत वाचायला सांगितली.

"किती महिने म्हणालीस?"

"तीन."

"जनी तीन दिवस नाय काढायची," ती म्हणाली.

साठ तासांचं काम पंचायतीने दिलं ते शाळेच्या परसबागेचा गडगा. गुरं शिरून पोरांच्या भेंड्या खायची. पंचायतीचा शिपाई कागद घेऊन यायचा, आली किती वाजता, गेली किती वाजता, खाली सही. त्याला काकीची भीती वाटायची म्हणून तो लांबूनच विचारायचा. एकोणसाठ तास झाले, साठ झाले, शिपायाने शेवटची सही घेतली आणि म्हणाला, "झालं काकी, सुटलीस." काकी दगड फिरवून बघत होती. "कोर्टाचे तास संपले रे. कोपरा कुठं संपलाय?" आणि आणखी दोन दिवस तिथंच. शिपाई गोंधळला. जास्तीचे तास कुठल्या रकान्यात लिहायचे ते कागदावर नव्हतं.

ऑफिसातली हजेरी तिने एकदाही चुकवली नाही. दर वेळी मॅडमना काहीतरी नेई, आमसुलं, कुळीथ, फणसाची साटं, म्हणजे रस वाळवून केलेल्या पोळ्या. मॅडम दर वेळी परत करत, नियम सांगत. काकी म्हणे, "बरं, मग मी हितं बसून खात्ये, तू बघ." आणि खरंच बसून खाई.

आता भांडण. काकी संदेशशी बोलतच नसे, म्हणजे भांडणाचा प्रश्न नाही. पण आमच्याकडे लेकी बोले सुने लागे ही विद्या बायकांना कुणी शिकवत नाही, ती दुधातूनच येते. महिनाभर कसाबसा काढल्यावर काकी एका सकाळी फणसाखाली उभी राहिली. फणस बरोबर संदेशच्या खिडकीसमोर.

"जेवलास काय रे?" ती फणसाला म्हणाली.

मी मागच्या दारात भांडी घासत होते. हातातलं पातेलं मी खाली ठेवलं.

त्यानंतर रोज सकाळी फणसाचा उद्धार. मी काही सोडलं नाही, सगळं कानात आहे. "वीस वर्षं दिसला नाहीस, आता मुळं पसरायला आलास?" "वरून कापा नि आत बरका, दिसायला टणक, हात लावला की पचपचीत." "तुला काय, निळा ठिपका दिसला की तुझी जमीन. उद्या माज्या कपाळाला निळा टिळा लाव नि मला पण घेऊन जा." फणस ऐकून घ्यायचा. संदेशची खिडकी आधी अर्धी बंद झाली, मग पूर्ण, मग तिला नवा पडदा आला.

दहाव्या महिन्यात संदेशने मॅडमकडे अर्ज दिला. काकी झाडाच्या आडून आपल्याला रोज अपमानित करते, बंधपत्राची अट मोडली आहे, कोर्टाला कळवावं. पुरावा म्हणून मोबाईलवर रेकॉर्डिंग जोडलं होतं.

अलफिया मॅडम आल्या. फणसाखाली खुर्च्या मांडल्या. एकीकडे संदेश, पाय अजून थोडा वाकडा टाकत असे तो, एकीकडे काकी, मागे ओटीवर जनीआत्या. मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. आठ मिनिटं कावळे, त्यात संदेशच्या घरातला मिक्सर, आणि काकीचा एकच शब्द स्पष्ट, "मेल्या".

"हे यांना उद्देशून होतं की झाडाला?" मॅडमनी विचारलं.

"झाडाला," काकी म्हणाली.

"झाडाला मेल्या म्हणतं का कोण?" संदेश म्हणाला. "मॅडम, मी वेडा आहे का? मला लागतं ते."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग माझ्याकडे बघितलं. मी हुबेहूब नक्कल करते हे त्यांना काकीनेच सांगून ठेवलं होतं, कौतुक म्हणून. "तू रोज ऐकतेस ना? बाई काय बोलतात ते जसंच्या तसं सांग. वाढवायचं नाही, कमी करायचं नाही."

काकीने माझ्याकडे बघितलं नाही. ती ओटीकडे बघत होती.

मी खोटं बोलू शकले असते. थोडं गाळलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण अर्धवट नक्कल केली की काहीही शाबीत होतं. मला जो सगळ्यात नीट आठवत होता तो सोमवारचा प्रकार मी सुरू केला. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. ठिपका, टिळा, कापा, बरका. संदेशचं तोंड लाल होत चाललं. मॅडम लिहीत होत्या. मग शेवट आला. तो मी आधी कुणाला करून दाखवला नव्हता, कारण त्याला कुणी हसलं नसतं. शिव्या संपल्या की काकी रोज खालच्या आवाजात म्हणायची, "नि ती सूज तशीच ठेवू नको मेल्या. निगडीचा पाला गरम करून बांध. तुज्या आईला म्हाईत हाय, तिला विचार."

मी थांबले. मॅडमचं पेन थांबलं.

"हे रेकॉर्डिंगमध्ये नाही," मॅडम संदेशला म्हणाल्या.

"खिडकी बंद केलेली असायची तोपर्यंत," संदेश म्हणाला. मग काकीकडे न बघता, "निगडी बांधलीय मी. आईने सांगितलंन म्हणून."

"तिला कोणी सांगितलं?" काकी म्हणाली, जनीआत्याकडे बघूनच.

मॅडमनी अर्ज कोर्टाकडे पाठवला नाही. दोघांना लेखी ताकीद दिली. काकीला, उरलेले दोन महिने झाडाला, गाईला, कोंबडीला, कुणालाही उद्देशून बोलायचं नाही. संदेशला, मोबाईल बाजूला ठेवून सरकारी मोजणीचा अर्ज करायचा. जाताना काकीने साटं पुढे केली. मॅडमनी एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "हे मी घेतलेलं नाही."

त्याच संध्याकाळी मी काकीशी पैज लावली. मला खात्री होती. झाडाची पण बंदी झाल्यावर ती फुटणार, आणि फुटणार ती मोजणीच्या दिवशी. मी म्हटलं, "मोजणीवाल्याने दगड कुठंही रोवू दे, तू भांडणार."

"नाय भांडणार."

"लाव पैज."

"काय देशील?"

"तू सांगशील ते."

"बरं," ती म्हणाली. "मग सांगीन."

मोजणीची तारीख पडली ती बंधपत्र संपायला नऊ दिवस असताना. मोजणीवाले आले, मशीन आलं, अर्धी वाडी आली, अलफिया मॅडमही आल्या, कारण त्यांना अंदाज होता. उन्हात दोन तास मोजून झाल्यावर हद्द निघाली ती वाकडी. खालच्या टोकाला संदेश काकीच्या जागेत हातभर शिरलेला, आणि वरच्या टोकाला काकी संदेशच्या जागेत दोन हात. त्या दोन हातांत फणस. काकीच्या सासऱ्याने लावलेला, पण संदेशच्या जमिनीत.

मोजणीवाल्याने फणसाच्या अलीकडे, काकीच्या बाजूला, हद्दीचा दगड रोवला आणि पटकन बाजूला झाला. माझी आई दारात येऊन उभी राहिली. मी काकीच्या तोंडाकडे बघत होते, कारण तिचं भांडण ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होतं. कोपरा हलला. तिने एकदा ओटीकडे मान वळवली. जनीआत्या भिंतीला टेकून झोपली होती.

काकीने पदर खोचला. पुढे झाली, सरळ संदेशसमोर उभी राहिली आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"दोरी हाय काय तुज्याकडे?"

"कसली दोरी?" संदेश म्हणाला.

"सुतळी. ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत. का परत ठिपका बघून घालणार?"

"मी सिमेंट आणलंय काकी. गवंडी उद्या येतोय."

काकीने डोळे मिटले. मला वाटलं, आता. सगळ्यांनाच वाटलं.

"सिमेंट," ती हळू म्हणाली. "गडग्याला सिमेंट." मग डोळे उघडले. "पोती तुज्या कारखान्याला ठेव. गडगा मी घालत्ये. तू दगड दे."

"बोलली," मी म्हटलं. "मॅडम, बोलली ती संदेशदादाशी. समोरासमोर. पैज मी जिंकले."

मॅडमनी माझ्याकडे, काकीकडे, सुतळी शोधायला घराकडे लंगडत निघालेल्या संदेशकडे बघितलं. "पैज बोलण्याची होती की भांडण्याची?"

"भांडण्याची," काकी म्हणाली.

"मग हे भांडण नाही," मॅडम म्हणाल्या. "हे मी अहवालात असंच लिहिणार आहे."

नऊ दिवसांनी बंधपत्र संपलं. मॅडमनी शेवटची सही घेतली, काकीला कागद दिला. तोवर गडगा गुडघ्याएवढा झाला होता. फणसाची फळं निम्मी निम्मी असं दोघांचं ठरलंय, कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, मी दगड वाहत होते. कारण पैजेत काकीने जे मागितलं ते हे, की गडगा पुरा होईपर्यंत खालच्या ढिगातले दगड वर आणून द्यायचे. पहिल्याच दिवशी मी दगड आणताना, काकीने परत पाठवलेल्या गवंड्याची नक्कल सुरू केली, तर म्हणाली, तोंड बंद ठेवून आणायचे. मी म्हटलं, ही अट आधी नव्हती. काकी म्हणाली, हरलेल्या माणसाला अटी वाचून दाखवत नाहीत, आणि पुढचा दगड मागायला हात मागे केला.